मुखवट्यातली चांदी

खासगी बाजार मोहल्ल्यात आमच्या दारासमोरच मंदाताईंचं दार. दूधवाल्यानं दूध घातलं की त्या आधी बोट बुडवून बघणार, गॅसचा सिलिंडर आला की वजनकाटा मागणार, कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तर "इतक्या घाईत का ठरवलं?" म्हणून विचारणार. आम्ही हसायचो. पण त्या स्वभावानं त्यांच्या घरात जे केलं, ते हसण्यासारखं नव्हतं.

त्यांच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा मुखवटा आहे. सासरचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, तेव्हा त्यांनी तो आणला असं घरात सांगतात. एका चंपाषष्ठीला मंदाताईंचे यजमान संग्रामसिंह यांच्या हातून तो फरशीवर पडला आणि कपाळापासून कानापर्यंत चिरला. धाकटे दीर दौलतसिंह तो टोपी बाजारातल्या सोनाराकडे घेऊन गेले. परत आणला तेव्हा चीर दिसत नव्हती, पण मुखवटा नुसता लखलखत होता. डोळ्यांखालची काजळी गेली होती, ओठांची ठेवणसुद्धा निराळी वाटत होती. त्याच सुमारास दौलतसिंहांच्या दारात नवी स्कूटर उभी राहिली.

मंदाताई भावजींच्या तोंडावर काही बोलल्या नाहीत. फक्त नणंदेला म्हणाल्या, "हा आपला देव वाटत नाही हो."

ते वाक्य घराघरांतून फिरत दौलतसिंहांच्या कानावर गेलं. ते आले आणि उंबऱ्यातूनच भावाला म्हणाले, "दादा, देव तोच आहे. तुलाही वाटतं मी बदलला?"

संग्रामसिंह गप्प राहिले. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. संग्रामसिंह गेले, तेव्हाही दौलतसिंह स्मशानात मागे उभे राहिले आणि परस्पर निघून गेले.

गेल्या वर्षी मंदाताईंची मुलगी गरिमा आपल्या मैत्रिणीला घरी घेऊन आली. प्रांजली तिचं नाव. जुन्या मूर्ती आणि भांडी कोणत्या धातूंची आहेत, याचा ती क्ष-किरणांनी अभ्यास करते. मंदाताईंनी मला साक्षीला बोलावलं होतं.

प्रांजलीनं पेटीतून ड्रिलसारखं दिसणारं यंत्र काढलं. "क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपापले ठरावीक किरण परत पाठवतो, काकू. चांदीचे वेगळे, तांब्याचे वेगळे. त्यावरून कशात काय मिसळलंय ते कळतं."

"हो का?" म्हणत मंदाताई आत गेल्या आणि रुमालात बांधून जोडवी आणि एक वाटी घेऊन आल्या. "आधी हे सांग."

प्रांजली हसली नाही. तिनं जोडव्यांवर यंत्र टेकवलं. "चांदी आहे, थोडं तांबं." मग वाटीवर. "यात चांदी नाहीच. तांबं, निकेल, जस्त. जर्मन सिल्व्हर."

"ठाऊक होतं मला," मंदाताई म्हणाल्या, आणि मगच त्यांनी मुखवटा बाहेर आणला.

गालावर यंत्र टेकवल्यावर जवळजवळ निव्वळ चांदी दिसली. मंदाताई ताठ झाल्या. "बघा! एवढी शुद्ध म्हणजे आजकालचीच."

"वरवरचं फसवं असतं, काकू. वर्षानुवर्षं चिंचेनं घासून वरच्या थरातलं तांबं निघून जातं. आतल्या बाजूला तिळाएवढी जागा घासू का?"

मंदाताईंनी बराच विचार केला. "मी घासते," म्हणाल्या, आणि देवाची क्षमा मागून त्यांनी स्वतःच घासलं.

या वेळी आकडे बदलले. चांदीबरोबर तांबं, शिसं आणि किंचित सोनं. प्रांजली म्हणाली, "पूर्वी चांदी भट्टीत शिशाबरोबर शुद्ध करायचे. त्यात हे सोनं मागे राहायचं. आता कारखान्यात ते काढून घेतात. नक्की साल नाही सांगता येणार, पण ही बाजारातली नवी चांदी नाही." मग तिनं चिरेवर यंत्र धरलं. तिथं जस्त आणि कॅडमियम निघालं. "हा मात्र अलीकडचा डाग. सोनारानं सांधलंय."

"आणि जुनी नाणी वितळवून नवा घडवला असेल तर?" मंदाताईंनी विचारलं.

प्रांजलीनं मोबाइलचा दिवा मुखवट्याच्या आत धरला. डागाच्या दोन्ही कडांनी केसासारखी चीर अजून दिसत होती. "नवा घडवला असता, तर ही चीर कुठून आली असती?"

मंदाताई गरिमाकडे वळल्या. "ही तुझी मैत्रीण. काकांनी तर नाही ना काही शिकवून ठेवलं?"

"आई, अब बस करो ना!" गरिमाचा आवाज चढला. "काकांना पताही नाही!"

मंदाताई मुखवटा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मी उठून निघाले तरी तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या गोरखी वाड्याजवळ दौलतसिंहांकडे गेल्या. दौलतसिंहांनी दार अर्धंच उघडलं.

"कशावर सही हवी आहे, वहिनी? घराचे कागद काढलेत का?"

"नाही हो, भावजी. देव तोच आहे. यंत्रावर तपासून घेतला."

"यंत्रानं सांगितलं. आणि मी सांगितलं होतं तेव्हा?"

"चुकलं माझं."

"हे दादा असताना म्हणायला हवं होतं."

मंदाताई दारातून हलल्या नाहीत. शेवटी दौलतसिंहांनी दार पूर्ण उघडलं आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

चंपाषष्ठीला ते आले. गरिमानं मुखवटा त्यांच्यापुढे धरला, "काका, भंडारा तुम्ही लावा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुम्हीच लावा. मी इथून बघतो." कितीही आग्रह केला तरी त्यांनी मुखवट्याला बोट लावलं नाही. भरीत-रोडगा मात्र पोटभर जेवले.

निघताना मंदाताई म्हणाल्या, "रविवारी या."

"रविवारी काय आहे?"

"काही नाही. नुसतं या."

खरं बोलतात की नाही याचा अंदाज घेत ते त्यांच्याकडे बघत राहिले. "बघतो," म्हणाले.

पुढचे काही रविवार कोणी आलं नाही. मग एका दुपारी दौलतसिंह आले, अर्धा तास बसले, थंडीचं आणि बाड्याच्या चौकातल्या गर्दीचं बोलले. मुखवट्याचा विषय कोणीच काढला नाही.