पोटवाल्या ताई

कपड्यांच्या दुकानात उभे असतात ना, ते पुतळे बनवण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली. पन्नाशी उलटली आणि कारखानाच बंद पडला. तेव्हा इस्पितळातल्या सर्जनबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. शिकाऊ डॉक्टरांना अवघड ऑपरेशनांच्या सरावासाठी सिलिकॉनची पोटं हवी होती. आत यकृत, आतडी, स्वादुपिंड, सगळं जागच्या जागी.

"आजवर माणूस बाहेरून केला, आता आतून करायचाय," ताई घरी येऊन म्हणाल्या.

"कर की," नवरा म्हणाला, "माझ्या पोटातलं तर तुला न सांगता कळतं!"

पहिलं स्वादुपिंड सर्जनबाईंनी चिमटीत दाबून पाहिलं. "ताई, हे टायर झालंय हो. खरं इतकं मऊ असतं की टाका जरा ओढला तरी फाटतं." त्यांनी ऑपरेशनात काढलेला एक तुकडा ताईंना हातमोजे घालून चाचपायला दिला. ताईंनी डोळे मिटून तो बोटांत घोळवला आणि तडक मिश्रण कालवायला बसल्या. कधी चिकट झालं, कधी गचगचीत. शेवटी एकदाचं जमलं.

मग शिरांच्या जागी बसवलेल्या नळ्यांतून रक्त म्हणून लाल पाणी खेळवलं. पहिल्याच दिवशी पंपाचा जोर जास्त झाला. एका शिकाऊ डॉक्टरणीची कात्री शिरेला लागली आणि चिळकांडी थेट सर्जनबाईंच्या चष्म्यावर! ताई फडकं घेऊन धावल्या.

"खऱ्या पोटातही अस्संच उडतं!" बाई ओरडल्या. "बघत काय बसलीस? बोट दाब!" पाणी थांबलं, तशी सगळी खोली खो-खो हसत सुटली.

तेव्हापासून त्या 'पोटवाल्या ताई' झाल्या. हे नाव ऐकून शेजारीण धावत आली, "अगं बाई, या वयात?" ताईंची हसून पुरेवाट झाली.

त्या डॉक्टरणीला स्वादुपिंड आतड्याला जोडणं काही केल्या साधेना. जोड तपासायला निळं पाणी सोडलं की टाक्यांतून गळायचंच. ती रडवेली व्हायची आणि ताई नवं पोट मांडायच्या. एके दिवशी पाणी सोडलं, तर टेबल कोरडं ठक्क! दोघींनी एकमेकींना मिठीच मारली.

पुढे सर्जनबाईंच्या देखरेखीखाली तिने खऱ्या रुग्णाला तोच जोड घातला. तो रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी गेला त्या दिवशी ती सांगायला आली.

"चरबीत मात्र हात अडखळला हो, ताई."

"अस्सं?" ताईंनी बाह्या सारल्या. "मग पुढचं पोट चांगलं सुटलेलं करते."