धाटावरच्या माळा

निजामाच्या अमलात जनवाड्याला आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. आपली प्रत्येक माळ त्या ज्वारीच्या वेगळ्या धाटाला गुंडाळून डब्यात ठेवायच्या. "एकत्र ठेवल्या की जावा-जावांवानी झोंबत्यात," म्हणायच्या. गल्लीतल्या बायका गुंतलेल्या माळा त्यांच्याकडंच आणायच्या. अक्का सुईच्या टोकानं गुंता सोडवायच्या आणि आणणारीला चांगलंच खडसावायच्या.

एकदा त्यांच्याच डब्याच्या तळाशी मला दोन माळा एकमेकींत अडकलेल्या दिसल्या. मी सुई उचलली, तर त्यांनी माझा हात धरला.

"कामून, अक्का?"

"राहू दे गं. लेक पटकीनं गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं गळ्यात घालून बघितल्या अन् तशाच डब्यात टाकल्या. लई बोलले व्हते मी तिला."