आधी हात धुऊन या

टक्.

दुपारच्या शांततेत इस्त्री वाजते, पुरती तापली की वाजते तशी. मिनूच्या कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता सोनलचा डोळा लागतोय. तिसरा दिवस, पोरीचा ताप हटत नाही. पण इस्त्री? किशोर गेल्यापासून ती माळ्यावर आहे.

बघते तर किशोर ओट्यापाशी उभा. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, दवाखान्यात नेताना होता तो. गुळगुळीत कागदावर इस्त्री दाबून तांब्याच्या पाटीवर सर्किटची छाप उतरवतोय, रविवारी उतरवायचा तशी.

"कुणाचं काम घेतलंत आता?"

"घरचंच."

तो पाटी ट्रेमधल्या तपकिरी पाण्यात सोडतो, हातानेच हलवतो. शाईखालचं तांबं तेवढं राहायचं, बाकीचं ते पाणी खाणार. सोनल वाकून बघते. हे सर्किट नव्हे. मिनूच्या तळहातावरच्या रेषा आहेत, आणि कडेने झिजत चालल्यात.

"अहो, काढा ना बाहेर! तुटतील."

"तुटू देत. किती तळमळतेय गं पोर. दे इकडे, मी नेतो."

तो हात पुढे करतो. बोटं पिवळीजर्द. आणि सोनलच्या तोंडून नेहमीचंच निघतं, "आधी हात धुऊन या. ते केमिकल घेऊन लेकराला शिवायचं नाही, किती वेळा सांगू?"

किशोर हसतो. "आईपेक्षा कडक आहेस बाई तू."

बेसिन दवाखान्याच्या लांबलचक बोळाच्या टोकाला आहे. तो निमूट चालत जातो. पाठमोरा, किती वाळलाय. त्याला थांबवावंसं वाटतं, एकदा नीट बघावंसं वाटतं. पण ती ट्रेमध्ये हात घालते, पाटी काढते, कळशीतल्या पाण्यात बुडवून धरते. रेषा केसासारख्या उरल्यात. उरल्यात पण.

"सोनल, निघत नाही गं डाग."

"घासा अजून."

"येऊ ना?"

तिला ठाऊक आहे, तो डाग साबणाने जातच नाही. कातडी उतरते तेव्हा जातो. "घासा," ती म्हणते, आणि पाटी पाण्यात आणखी खोल दाबते.

ती जागी होते. मिनू घामाने निथळतेय, अंग गार लागतंय. नळ वाहतोय. सोनल धावत जाऊन तो बंद करते. सकाळीच वेष्टन काढलेल्या पांढऱ्या साबणावर पिवळी-तपकिरी चार बोटं उमटलीत, ओली.

मागून, अंथरुणातून, मिनूचा बसका आवाज येतो.

"आई, बाबांचे हात धुऊन झाले?"