म्हशीची चामडी

परवा न्हाव्यानं माझ्या गालाले नवी क्रीम लावायले घेतली, तं मी त्याचा हात धरला. "आधी कानामागं लाव," म्हटलं. तो हसला, पण लावली. तो गोडसर, नाकाले झोंबणारा वास आला अन् मी वीस वर्षं मागं, आमगावच्या आमच्या पुढच्या खोलीत जाऊन पोहोचलो. तिथं माझी बायको यमुना पार्लर चालवत होती.

दवनीवाड्याची एक पोरगी आली होती. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न. यमुनानं तिले दारातल्या उजेडात उभं करून गाल नीट पाहिले अन् क्रीम फक्त कानामागं लावली. पोरीची मावशी चिडली. "काऊन वेळ घालवून राहिली व? एवढं भेव वाटते तं नवऱ्याले लावून पाह!"

यमुनानं खरंच मले बसवून माझ्याही कानामागं लावली. थोड्या वेळानं पोरीचा कान लालभडक झाला. मले काहीच नाही.

"पाह, यायले कुठं काय झालं?" मावशी म्हणाली.

"यायची म्हशीची चामडी आहे, मावशी. लग्न पोरीचं आहे."

साऱ्या बाया हसल्या. यमुनानं कान धुतला, क्रीम बाजूले ठेवली, चेहरा नुसत्या थंड फडक्यानं पुसला अन् पोरीले पुन्हा उजेडात नेऊन पाहिलं. चेहरा साफ होता. मी मात्र दोन दिवस यमुनाशी बोललो नाही. आता ती नाही, तं ते दोन दिवस परत पाहिजेत असं वाटते.

"बाबा, काही नाही झालं. लावू?" न्हाव्यानं विचारलं.

"लाव," मी म्हटलं. "म्हशीची चामडी आहे." अन् मीच हसलो.