सासूबाईंनी घातलेलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला मुतखडा झालाय, ही बातमी मी स्वतःच पसरवली होती. दुसरं सांगणार काय? रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायचं, एक दिवसाआड सकाळी लिटरभर पाणी ढोसून सोनोग्राफीला पळायचं, मरोळच्या कंपनीत अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा टाकायच्या. हे सगळं एकाच दुखण्यात बसवायचं तर मुतखड्याइतकं सोयीचं दुखणं नाही. खोटं पचलं, पण त्याची शिक्षाही झाली. समोरच्या काकू रोज पातेलीभर कुळथाचं कढण घेऊन यायच्या आणि मी ते संपवेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत.

खरी गोष्ट अशी, की लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती आणि माझ्या दोन्ही नळ्या बंद होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द लोकांनी पेपरात वाचला होता, आणि तेवढ्यावर प्रत्येकाने आपापल्या डोक्यात एक काचेची बाटली आणि तिच्यात पोहणारं बाळ तयार करून ठेवलं होतं. आमच्या डॉक्टरबाईंनी मात्र कागदावर चित्र काढून नीट समजावलं. इंजेक्शनं देऊन माझी बीजं वाढवायची, भूल देऊन पोटात दुर्बीण घालून ती बाहेर काढायची, प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि दोन दिवसांनी तयार झालेले गर्भ माझ्या पिशवीत सोडायचे. पुढचं सगळं इतर बायकांसारखंच. "मात्र बहुतेकींना पहिल्या खेपेला यश येत नाही," असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते ऐकलं, आणि त्या बहुतेकींमध्ये आपण नसणार, असं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

लपवायचं कशासाठी, असं आता कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही. मूल होत नाही हे तर अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. हळदीकुंकवाला माझ्या ओटीत नारळ घालताना बायका जरा जास्तच गोड बोलायच्या, तेही मला कळत होतं. पण उद्या मूल झालं, तर त्याच्या तोंडाकडे बघून कुणी "नक्की कुणाचं गं?" म्हणेल, ही मला धास्ती होती. मी तापट बाई. त्या प्रश्नावर मी कुणाच्या तरी झिंज्या उपटल्या असत्या. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, तोंड शिवून घ्यायचं.

सासूबाईंना मात्र सांगावंच लागलं. दोन खोल्यांत काय लपणार? अर्धा जन्म कोकणात गेलेला, मुंबईत पंचवीस वर्षं काढूनही जिभेवरची मालवणी तसूभर हललेली नाही. त्यांनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं. मी त्यांना देवापुढच्या समईची शपथ घातली. त्या म्हणाल्या, "माज्या तोंडातसून भायर पडूचा नाय."

इंजेक्शनं सुरू असतानाच सासूबाई घर शाकारून घ्यायचं म्हणून आठवड्यासाठी गावाला गेल्या. त्या तिकडे असताना माझं ऑपरेशन झालं. चार बीजं निघाली, तीन गर्भ धरले, तिन्ही पिशवीत सोडले. आता चौदा दिवस वाट बघायची. मी शिंकायलासुद्धा घाबरत होते.

सासूबाई परतल्या, आणि दोनच दिवसांनी नवऱ्याची एक चुलत वहिनी मुलुंडहून फळं घेऊन आली. तीही गावाहून नुकतीच आली होती. खुर्चीत टेकायच्या आत तिने विचारलं, "बाटलीतून पोटात कधी घालतात गं? की बाटलीतच वाढतं ना ते?"

तुला कुणी सांगितलं, म्हणून मी तिला खोदून विचारलं. मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी गावच्या देवीच्या देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. गावकर, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, देवासमोर उभा राहतो, तुमची अडचण खड्या आवाजात देवाला सांगतो, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. माझं हॉस्पिटल, माझी बीजं, माझं पोट, सगळ्याला गावाने होकार भरला होता.

वहिनी गेल्यावर मी सासूबाईंवर तुटून पडले. "शपथ घातली होती ना तुम्हाला?"

"माणसांक खय सांगलंय? देवाक सांगलंय," त्या म्हणाल्या. "तेच्यापासून लपवन कसा चलतला?"

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायचे, पण मुक्यानेच. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये निरोप्या झाला. तेराव्या दिवशी, कंपनीत, दुपारच्या डब्याआधी मला पाळी आली. मी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडले. घरी आल्यावर दाराशीच सासूबाईंना म्हणाले, "झालं. सांगा आता तुमच्या गावाला." अकरा दिवसांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते आठवलं की अजून माझी मला लाज वाटते. त्यांनी माझ्या हातातली पर्स घेतली आणि गरम पाणी काढलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो नाही. माझ्यात ताकद नव्हती.

पुढच्या मे महिन्यात सासूबाई गावाला जायची तयारी करू लागल्या. पिशवीत नवं लुगडं आणि खण दिसला, म्हणून मी विचारलं.

"देवीचो नवस फेडूक व्हयो," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "कसला नवस, आई? मूल कुठे झालं?"

त्यांनी लुगड्याची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "पोर मी मागलंयच खय? गावकर मागी होतो, तेका मीच थांबवलंय. तेका म्हटलंय, पोराचा मगे बघू. आधी माजी सून त्या टेबलावरसून उठान घराक येवंदे. भूल दिलेला माणूस उठताच असा नाय गो, मी बघलंय. तू इलंस ना घराक? मगे देवीचा तिका देवक नको?"

मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गावी गेले. देवळात मुलुंडची वहिनी होती, ओळखीचे-बिनओळखीचे तीस-चाळीस लोक होते. त्यांच्यासमोर उभं राहायला मला नको वाटत होतं. गावकराने देवीला लुगडं दाखवलं आणि खड्या आवाजात सांगितलं, की मुंबईची सून सुखरूप घरी आली, तिला अशीच सांभाळ.

नऊ-दहा वर्षं माझ्यासाठी नारळ फुटले होते, उपास झाले होते, ते सगळे होणाऱ्या मुलाचे होते. नुसती माझ्यासाठी अशी ही पहिलीच मागणी होती. गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. सासूबाईंचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.