सात वाजताची माळ
बावीस वर्षं मी नर्सचं काम करते आहे. माझ्या हातून पेशंटचं वाईट झालं, असं कधी कुणी म्हणालं नव्हतं. याचा मला फार तोरा होता. तो अबुधाबीत उतरला.

तिथे एका साहेबांच्या आईला सांभाळायला मी त्यांच्या घरीच राहत होते. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. आजी नव्वदीला टेकलेल्या, ज्यू, मूळच्या युरोपातल्या. लहानपणी युद्धात त्यांची माणसं गेली, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे त्यांनी शाळांचे गणवेश शिवून संसार उभा केला, मुलाला इंजिनीअर केलं. आता सगळं विसरत चालल्या होत्या. पण चादरीची कड हाताला लागली की अजून टीप तपासायच्या.

मी वसईची ख्रिस्ती. संध्याकाळी सातला जपमाळ धरली नाही तर मला जेवण जात नाही. आजींच्या उशाशी बसून मी मराठीतच ‘नमो मारिया’ म्हणायचे. एके दिवशी माझ्या हातातली माळ बघून त्या ताठ बसल्या आणि तीच प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणू लागल्या. मला कोण आनंद! ज्यू बाईला हे कसं येतं, असा साधा प्रश्नही मला पडला नाही. विसरणाऱ्या माणसाकडून पाठांतर करून घेणं चांगलं, म्हणून मी रोज म्हणवून घ्यायला लागले. अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून. माझी आई आम्हाला असंच करायला लावायची. त्यांचे हात थरथरायचे, ते मी वयावर घातलं.

महिन्याभराने साहेब एकदा लवकर घरी आले आणि दारातच थबकले. मग त्यांनी मला किचनमध्ये बोलावलं.

“सिस्टर, प्लीज, हे स्टॉप करा. खलास.”

साहेबांनी सांगितलं, युद्धात एका मठातल्या नन्सनी आजींना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला खोट्या नावांनी लपवलं होतं. ज्यू मुलं शोधत शिपाई आले, मुलींना रांगेत उभं केलं आणि एकेकीला प्रार्थना म्हणायला लावली. जिला येईल ती ख्रिस्ती. चार वर्षांची बहीण अडखळली. तिला नेलं, ती पुन्हा दिसली नाही. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. त्यांनी वळूनही न बघता आपली प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. हे आजी आपल्या मुलाशी आयुष्यात एकदाच बोलल्या होत्या.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला माझीच शिसारी आली.

माळ मी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी सात वाजता आजी आपणहून उठून बसल्या आणि सगळी प्रार्थना एकही चूक न करता म्हणाल्या. मग घाबरून माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आलं ना?”

“आलं, आजी. आता कुणी विचारणार नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून त्या हळूच म्हणाल्या, “ती लहान आहे हो. तिला अजून एकदा म्हणू द्या.”

मी हो म्हणाले. तेव्हा त्या खुर्चीकडे वळल्या आणि नुसते ओठ हलवून तिला एकेक शब्द सांगत राहिल्या.