कुडावरची निळी होडी

"पूस ते," नाखवा म्हणाला.

भर दुपार. त्याच्याच अंगणात बोंबील वाळत घालून मी घरी आले होते, अंगाला वास तसाच. नाखवा म्हणजे आमच्या आळीतला सगळ्यात मोठा होडीवाला. चिंचणीच्या बाजाराला जायचं तर त्याला विचारून, असा त्याचा रुबाब. त्याच्या मागे त्याचा गडी, गड्याच्या डोक्यावर शेणाची पाटी. मी तोंड उघडायच्या आत गड्याने एक गोळा माझ्या कुडाच्या भिंतीवर मारला. मी काढलेल्या होडीच्या बरोबर शिडाच्या मधोमध.

"रांडमुंड बाईला रंगाचा कसला चळ? संध्याकाळी एडवणचे पाव्हणे येनार हायत. भिंत सारवलेली पायजे."

सगळी आळी दारादारांत उभी. ज्याच्या होडीवर पोट, त्याच्यापुढे कोण बोलणार?

ते चित्र काही फार भारी होतं असं नाही. आळीतली पोरं आजही हसतात. माझी होडी बघून शेजारणीने विचारलं होतं, "भोपळा काढलास का गो?" तेव्हा भोपळाच समजा. पण तो माझा भोपळा होता.

त्याच्या आदल्या वर्षी नाखवाची होडी वादळातून परत आली, माझा नवरा आला नाही. होडी निळी होती. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढली तेव्हा नाखवाने फर्मान काढलं, रंग बदला, नावही बदला. त्याच्या मुलीची सोयरीक जुळत होती. माणूस खाल्लेली होडी पाहुण्यांच्या डोळ्यांत नको. जुना रंग खरवडायला बायका बोलावल्या. त्यांत मी. नवऱ्याला शेवटचं बसलेलं बघितलं ती फळी मी नखं तुटेपर्यंत खरवडली. दुसऱ्या दिवशी नवा हिरवा रंग लावायला गेले, तर नाखवीण म्हणाली, "तू नको. तुझा हात नको लागायला."

खरवडायला विधवा चालते. रंगवायला चालत नाही.

जुन्या निळ्या रंगाचा डबा वाळूत फेकलेला होता, तळाशी साय धरलेला. मी उचलला. चित्र काढायचं मनात नव्हतं. दाराचा कुजका खालचा भाग रंगवू, एवढाच विचार. नारळाचा काथ्या काटकीला बांधला आणि बसले. दार राहिलं. हात भिंतीवर गेला.

त्या दिवसांत माझे हात कापायचे. भाकरी थापता येत नव्हती. समुद्र कानात सारखा, झोपले तरी. पण काथ्या भिंतीवर टेकला आणि हात कापायचा थांबला. होडीचा काठ काढेपर्यंत कानात काही नव्हतं. उठले तेव्हा भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी.

आणि सासू बोलली. मुलगा गेल्यापासून ती कोपऱ्यात बसून होती, घोटभर पेजेपुरतं तोंड उघडायची. ती म्हणाली, "डोलकाठी वाकरी झाली."

मला इतका राग आला, इतका आनंद झाला. मग रोज मी काढायची आणि ती चुका काढायची. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझ्या नणंदेच्या शिकलेल्या पोराने परवा सांगितलं, मोठ्या इस्पितळांत मनाच्या आजाराला रंग देतात म्हणे. देत असतील. आम्हाला वाळूतल्या डब्याने दिला.

तर, भिंतीवर शेण. नाखवाने पाटी माझ्यापुढे सरकवली. "सारव. नायतर उद्यापासून माझ्या अंगनात यायचं नाय."

मी पाटीपाशी बसले. खरं सांगते, हात शेणात घातलाही. पोटाचा प्रश्न होता, सासूच्या पेजेचा होता. मग वर बघितलं. होडीत शीड होतं, वल्ही होती, जाळं होतं. माझा माणूस नव्हता. एवढे दिवस मला तो काढताच आला नव्हता. आणि आज सारवलं, तर तो तिथून दुसऱ्यांदा जाणार होता. या वेळी माझ्या हाताने.

हात लुगड्याला पुसला. घरात गेले, डबा आणला.

"नाय सारवनार," मी म्हणाले.

आणि सगळ्या आळीसमोर तो काढला. दोन काटक्या पाय, एक गोल डोकं. माझी अक्कल तेवढीच. नाखवा काय ओरडत होता ते मला आठवत नाही. सासूचं आठवतं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

"कान मोटे काड. त्याचे कान मोटे हुते."

मी मोठे काढले.

संध्याकाळी पाहुणे माझ्या भिंतीसमोरून नाखवाकडे जाणाऱ्या वाटेने आले. त्यांतली एक म्हातारी थांबली. "कुनाची गो ही होडी?"

"नाखवांची. आता हिरवी केली हाय. हा माझा नवरा, हिच्यावरनं गेला."

सोयरीक मोडली नाही. एवढ्याशाने मोठ्यांच्या सोयरिकी मोडत नसतात. माझं काम मात्र गेलं ते गेलं. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं, तिथे घमेली वाहिली. मान दुखायची, हिंदी मुकादमाच्या शिव्या कळायच्या नाहीत हा एक फायदा. पेज शिजत राहिली.

रंगाने माणूस परत येत नाही. कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका. दुःख तेवढंच राहतं, पण ते माझ्यासमोर भिंतीवर असतं, माझ्या मानेवर बसत नाही. आता सासू नाही. कूड दर पावसाळ्यात धुपतो, मी दर वर्षी पुन्हा काढते. नाखवाच्या मुलाने मध्ये निरोप धाडला होता, म्हातारे गेले, आता तरी पुसा.

मी उलट निरोप धाडला. भिंत माझी, मेलेला माझा. हात चालतोय तोवर तो तिथे बसेल. तुला दिसायला नको असेल, तर वाट तू बदल.